युनियन स्टेशन ते ग्लिन्को : अमेरिकी संघीय एजंटांच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

17 जून 1933. कॅन्सस सिटीच्या युनियन स्टेशनबाहेर फ्रँक नॅश या कैद्याला तुरुंगात परत नेणाऱ्या पथकावर गोळीबार झाला. नॅशसह पाच जण मेले. त्यांत रेमंड कॅफ्री हा पुढे एफबीआय म्हणून ओळखल्या गेलेल्या विभागाचा एजंट होता. या विभागात तेव्हा वकील आणि हिशेबनीस यांची भरती जास्त. शस्त्र बाळगण्याचा, अटक करण्याचा सर्वसाधारण अधिकार कायद्याने त्यांना दिलेला नव्हता. तो 1934 मध्ये मिळाला आणि त्याच सुमारास एजंट व्हर्जिनियातील क्वांटिकोच्या मरीन तळावर नेमबाजी शिकायला जाऊ लागले. आजची एफबीआय अकादमी तिथेच 1972 मध्ये उघडली. एफबीआयचे दीर्घकाळचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांच्या निधनानंतर, त्याच वर्षीच्या जुलैत, तिथे एजंट होण्यासाठी दोन महिला दाखल झाल्या.

एफबीआयबद्दल खूप लिहिले जाते. पण बाकीच्या यंत्रणांचे काय? सीमाशुल्क, करचोरीचा तपास, राष्ट्रीय उद्याने, अशा डझनावारी खात्यांतही नवे लोक रुजू होत होतेच. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सरकारी पाहणीत दिसले, की त्यांचे प्रशिक्षण विखुरलेले आणि तुटपुंजे आहे. एवढ्या जबाबदारीच्या कामाला माणसे अर्धवट तयारीनिशी पाठवली जात होती, हे मला फार गंभीर वाटते.

त्यातून 1970 मध्ये अर्थखात्याच्या अखत्यारीत सामायिक प्रशिक्षण केंद्र निघाले. मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिल येथे त्याची इमारत बांधायचा बेत रखडला. तेवढ्यात जॉर्जियातील ग्लिन्को हा नौदलाचा विमानतळ बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवणारी, मोठ्या फुग्यासारखी हवाई जहाजे (ब्लिंप) इथून उडत. 1975 मध्ये केंद्र तिथे हलले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (FLETC) एजंट त्याला ‘फ्लेट्सी’ म्हणतात. 2003 मध्ये ते गृहसुरक्षा खात्याकडे गेले.

गुन्हे तपासाचा पायाभूत अभ्यासक्रम इथे सुमारे 12 आठवड्यांचा असतो. वेगवेगळ्या यंत्रणांचे नवे एजंट एकाच वर्गात बसून झडती, जबाब, पुरावा, गाडी चालवणे आणि नेमबाजी शिकतात. मग बहुतेकांना आपापल्या खात्याचे पुढचे प्रशिक्षण असते.

या सगळ्यात कायद्याचा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1974 मध्ये मेम्फिसला कुंपणावरून पळू पाहणाऱ्या 15 वर्षांच्या नि:शस्त्र मुलाला पोलिसाने गोळी घातली. केवळ पळतोय म्हणून कोणाला ठार मारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ठरवले. 1989 चा दुसरा निकाल डेथॉर्न ग्रॅहम यांचा. रक्तातील साखर उतरल्याने ते संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरले, रांग पाहून घाईने बाहेर पडले, आणि तेवढ्यावरून संशय येऊन बेड्या पडल्या. झटापटीत त्यांचा पाय मोडला. बळाचा वापर वाजवी होता का, हे त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून तपासायचे, ही कसोटी त्यांच्या खटल्यातून आली. ग्लिन्कोतल्या प्रत्येक नव्या एजंटाला ती शिकावी लागते.