जुन्या युनिक्स वर्कस्टेशनचं नेटवर्क बूटिंग: इतक्या सेवा का लागतात

सन या कंपनीचं जुनं वर्कस्टेशन नेटवर्कवरून उठवायला, म्हणजे स्वतःच्या डिस्कशिवाय चालू करायला बसलं की आधी त्याच्या मागण्या पाहूनच दमायला होतं. आरएआरपी (स्वतःचा पत्ता विचारायला), टीएफटीपी (फाइल उतरवायला), बूटपॅरम्स (मशीनच्या फायली कुठे आहेत ते सांगायला), एनएफएस (सर्व्हरवरच्या फायली वापरायला). एका मशीनसाठी चार सेवा? पण हे एका बैठकीत आखलेलं नाही. अडेल तिथे एकेक ठिगळ लागत गेलं.

मूळ कारण डिस्कची किंमत. १९८६ चं सन ३/५० घ्या: ४ एमबी मेमरी, मोठा पडदा आणि आत डिस्कच नाही. अशी बरीच मशीन एका सर्व्हरच्या डिस्कवर जगायची. सुरुवातीला त्यासाठी ‘एनडी’ हा सनचा स्वतःचा प्रोटोकॉल होता. त्यात सर्व्हरच्या डिस्कचा एकेक तुकडा एकेका मशीनच्या नावावर असे. १९८५ मध्ये एनएफएस आलं, फायली सामायिक झाल्या आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये एनडी मागे पडलं.

खरी गंमत एनएफएस सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत आहे. डिस्क नाही म्हणजे मशीनला स्वतःचा आयपी पत्ताही ठाऊक नाही. ठाऊक असतो तो फक्त इथरनेट पत्ता, म्हणजे नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक. तो ओरडून सांगायचा आणि ‘मी कोण?’ विचारायचं, हे आरएआरपी. जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी ते आरएफसी ९०३ या इंटरनेट दस्तऐवजात मांडलं. उत्तरात मात्र आयपी पत्त्यापलीकडे काही मिळत नाही. कोणती फाइल उतरवायची, हे सांगायला त्या पॅकेटात जागाच नव्हती. म्हणून सनचा प्रॉम (मशीन सुरू करणारा, चिपमधला प्रोग्राम) आपलाच आयपी पत्ता हेक्साडेसिमलमध्ये लिहितो आणि त्या नावाची फाइल टीएफटीपीने मागतो. १२९.१४४.१.२ असेल, तर फाइल ८१९००१०२. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे नाव म्हणजे कचरा वाटतो. या फाइलीत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नसतो, तो आणणारा छोटा लोडर असतो. रूट, म्हणजे मशीनच्या फायलींचं मूळ फोल्डर, कुठे आहे हे तो बूटपॅरम्सला विचारतो आणि मग एनएफएसवरून कर्नल आणतो.

आरएआरपी राउटर ओलांडत नाही, ही दुसरी अडचण. सप्टेंबर १९८५ च्या बूटपी या प्रोटोकॉलने दोन्ही सोडवल्या: ते आयपीवरच्या यूडीपीवर चालतं, म्हणून राउटरमार्फत पुढे पाठवता येतं, आणि फाइलीचं नावही देतं. एसजीआय या वर्कस्टेशन कंपनीने तोच रस्ता धरला. डीईसी आणि एचपी या कंपन्यांचे बूटिंगचे स्वतःचे प्रोटोकॉल, एमओपी आणि आरएमपी, हे वेगळेच संसार. आज मशीनना आपोआप आयपी पत्ता देणारं, १९९३ चं डीएचसीपी बूटपीच्याच पॅकेटवर उभं राहिलं.

आजचा सर्व्हर हे सगळं विसरला आहे. या जुन्या मशीनना लागणारी एनएफएसची दुसरी आवृत्ती तिथे सहसा बंदच असते. काही एसजीआय प्रॉमना टीएफटीपी सर्व्हरचा पोर्ट क्रमांक ३२७६७ च्या वर गेलेला चालत नाही, कारण तो आकडा ते ऋण धरून वाचतात. लक्षणं पाहून हे कुणालाही सुचणार नाही. सनच्या नंतरच्या मशीनमध्ये तर इथरनेट पत्ता ज्या एनव्हीरॅम (बॅटरीवर माहिती टिकवणाऱ्या) चिपमध्ये असतो, तिची बॅटरी चिपच्या आतच बसवलेली असते आणि ती बहुतेक वेळा संपलेली असते. मग आरएआरपीने विचारायचं तरी कोणत्या पत्त्यावरून? तो प्रॉमच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर हाताने भरायचा. वीज गेली की पुन्हा.