हळदीचा डबा आणि समुद्रातला दाणा

२५ मे २०२५ ला कोचीजवळच्या समुद्रात 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज बुडालं. जहाजावरचे चोवीसही जण वाचले. सहाशेच्या वर कंटेनर मात्र समुद्रात गेले आणि त्यांतल्या काहींमध्ये प्लास्टिकचा दाणा होता. थोड्याच दिवसांत तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर साबुदाण्याचं पोतं फुटावं तसा पांढरा सडा पडला आणि स्वयंसेवक वाळूतून तो वेचायला बसले.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'समुद्र कोणाचं काही ठेवून घेत नाही, सगळं परत करतो.' मरीन ड्राइव्हवर उधाणाने कचरा फेकला की हेच वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. ऐकायला छान आहे, पण खोटं आहे. समुद्र परत करतो ते फक्त तरंगणारं, आणि तेही सगळं नाही. नायलॉनचं जाळं खाऱ्या पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन हलकं, म्हणून ते भरतीच्या रेषेवर येऊन पडतं. निर्माल्याच्या पिशवीतली फुलं बुडतात आणि पिशवी तेवढी परत येते. त्यात समुद्राच्या मनात काही नसतं, घनतेचा हिशोब असतो.

तर हा दाणा. वसई-भिवंडीच्या मोल्डिंगवाल्यांना तो रोजचा. बादली असो, टूथब्रश असो, सगळ्याचा कच्चा माल हाच. मसुरीएवढा, वजनाला साधारण वीस मिलिग्रॅम. म्हणजे पंचवीस किलोच्या एका गोणीत बारा लाखांच्या घरात दाणे. गोणी फाटली की ते वेचणं म्हणजे काय, ते ज्याने वेचलेत त्यालाच माहीत.

पण मला या दाण्याचं वेड लागलंय ते वेगळ्याच कारणाने. ते समजायला स्वयंपाकघरात चला. लोणचं किंवा हळदीची भाजी ठेवलेला प्लास्टिकचा डबा कितीही घासा, पिवळेपणा आणि वास जात नाही. स्टीलच्या डब्याचं एका विसळणीत काम होतं. कारण असं की हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि पॉलिथिन हे रेणूंच्या पातळीवर गोठलेल्या तेलासारखंच आहे, कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. हळदीला ती जागा पाण्यापेक्षा बरी वाटते आणि ती आत शिरून बसते.

आता हळदीच्या जागी पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, ठेवा. हे क्लोरीनयुक्त तेलकट पदार्थ १९२९ पासून पुढे काही दशकं ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरले जात. १९६८ मध्ये जपानमध्ये ते खाण्याच्या तेलात मिसळले गेले, हजारो लोक आजारी पडले, आणि मग एकेका देशाने त्यांच्यावर बंदी आणली. पण ते सहज मोडत नाहीत, म्हणून समुद्रात अजून आहेत, अतिशय विरळ. किती विरळ, तर ते पाण्यात थेट मोजायचे तर शेकडो लिटर पाणी गाळावं लागतं. अशा पदार्थाला पाणी किती नकोसं आहे, हे रसायनशास्त्रज्ञ एका सोप्या प्रयोगाने मोजतात. एका बाटलीत पाणी आणि ऑक्टॅनॉल नावाचा तेलकट अल्कोहोल घेऊन पदार्थ टाकायचा, हलवायचं, थांबायचं आणि दोन्ही थरांत तो किती गेला ते पाहायचं. पाच-सहा क्लोरीनवाल्या पीसीबीसाठी हे गुणोत्तर दहा लाखांच्या पुढे जातं. पाण्यात एक, तर तेलात दहा लाख. समुद्रात त्या तेलाची जागा दाणा घेतो. मात्र ही वाटणी एका दिवसात होत नाही. रेणू आधी दाण्याभोवतीचा पाण्याचा स्थिर पातळ थर ओलांडतो, मग साखळ्यांमधून आत झिरपतो, आणि क्लोरीन जितके जास्त तितका वेग कमी. मोठ्या रेणूंना समतोल गाठायला महिनेच्या महिने, कधी वर्षाहून अधिक लागतं.

(इथवर आलात तर अवघड भाग संपला.)

टोकियोच्या कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की किनाऱ्यावरच्या दाण्यांत भोवतालच्या समुद्रापेक्षा दहा लाख पटींपर्यंत पीसीबी साठतात. त्यांनी कोरे दाणे टोकियोच्या खाडीत सहा दिवस टांगून ठेवले, तर प्रमाण रोज चढत गेलं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की जगातल्या प्रत्येक किनाऱ्यावर हे मोजमापाचं यंत्र फुकट पडलेलं आहे, फक्त कोणीतरी ते उचलून पाठवायला हवं. त्याआधी अशा पाहणीसाठी शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, वापरत. ते बर्फात पाठवावे लागतात आणि सगळीकडे मिळतही नाहीत. दाणा साध्या पाकिटातून जातो. २००५-०६ च्या सुमारास ताकादांनी जगभर आवाहन केलं आणि 'इंटरनॅशनल पेलेट वॉच' सुरू झालं.

काम सोपं आहे, पण नेमकं. भरतीच्या रेषेवर बसायचं, शंभर-दोनशे दाणे वेचायचे, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचे, पाकिटात घालून टपालाने टोकियोला. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, का ते हळदीच्या डब्याने आधीच सांगितलंय. प्रयोगशाळेत अवरक्त किरणांनी पॉलिथिनचे दाणे वेगळे काढतात, त्यातून पिवळे निवडतात. दाण्यात उत्पादकाने घातलेली, प्लास्टिक लवकर खराब होऊ नये म्हणूनची द्रव्यं उन्हाने बदलतात आणि दाणा पिवळा पडतो. पिवळा म्हणजे जुना, बराच काळ भटकलेला. पाच-पाच दाण्यांचे पाच गट करून मोजतात आणि सरासरी न घेता मधला आकडा धरतात, कारण एखादा दाणा कुठल्या तरी घाण बंदरातून फिरून आलेला असतो आणि एकटाच सगळा हिशोब बिघडवतो.

२००९ मध्ये १७ देशांतल्या ३० किनाऱ्यांचे निकाल आले. पीसीबी अमेरिकेच्या किनाऱ्यांवर सर्वांत जास्त, मग पश्चिम युरोप आणि जपान. ज्यांनी ते सर्वाधिक वापरले, त्यांच्याच दारात. लॉस एंजेलिसच्या दाण्यांत डीडीटी हे कीटकनाशक सापडलं. तिथल्या कारखान्याने १९४७ ते १९८२ डीडीटी बनवलं आणि त्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं समुद्रात गेलं. कारखाना बंद झाल्यावर पाव शतकाने दाणे साक्ष देत होते.

याचा दुसरा टोकाचा अर्थही काढला जातो, की एक सुरमई खाल्ली म्हणजे प्लास्टिकमधून विष पोटात गेलं. तसं नाही. माशात पीसीबी येतात ते मुख्यतः त्याच्या खाण्यातून, छोट्या माशांतून मोठ्या माशांत चढत. प्लास्टिकचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. 'प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला' ही बातमीही अशीच. २०१६ मध्ये जपानमध्ये सापडलेला जिवाणू पीईटी खातो, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक. तरंगणाऱ्या पॉलिथिनला तो हात लावत नाही.

केरळच्या किनाऱ्यावरचा दाणा पहिल्या दिवशी पांढरा होता, जवळजवळ कोरा. म्हणून तो अभ्यासाला फार मोलाचा, कारण त्याची पाण्यात पडल्याची तारीख आपल्याला माहीत आहे. सगळा काही वेचला गेलेला नाही. काही वाळूखाली आहे, काही प्रवाहाबरोबर निघून गेला. पुढच्या एखाद्या पावसाळ्यात त्यातला एखादा, आता पिवळट झालेला, कोणाच्या तरी हाताला लागेल. त्याने तो फॉइलमध्ये गुंडाळून टोकियोला पाठवला, तर आकडे ईमेलने घरी येतात आणि त्याच्या किनाऱ्याच्या नावाने नकाशावर एक ठिपका पडतो.