अलास्का हायवे, डेम्पस्टर आणि आरव्हीची ट्रिप : थोडी पार्श्वभूमी

उन्हाळा सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली कितीतरी आई-वडील मंडळी कॅनडाला पोरांकडं जातात, आणि आता ती पोरंही नुसता नायगारा दाखवून गप्प बसत नाहीत, आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्यानं घ्यायची आणि सरळ उत्तरेला कॅनडातलं युकॉन आणि त्याला लागून असलेलं अमेरिकेचं अलास्का राज्य इथपर्यंत जाऊन यायचं असे बेत करतात. यंदा आमची ताई आणि दाजी एडमंटनला भाच्याकडं चाललेत, त्यांचाही हाच बेत ठरलाय. त्या निमित्तानं घरात रोज फोटो बघणं चालू आहे, बर्फाचे डोंगर, निळं तळं आणि मधून लांबच लांब सरळ गेलेला रस्ता. पण जिथं शंभर शंभर किलोमीटर माणूस दिसत नाही तिथं हा एवढा रस्ता कोणी केला आणि कशासाठी केला हे कोणीच विचारत नाही, म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की हे रस्ते, म्हणजे अलास्का हायवे आणि डेम्पस्टर हायवे, फिरायला केलेले नाहीत, युद्धासाठी आणि तेलासाठी केलेत, आणि ज्यांच्या हातांनी ते झाले आणि ज्यांच्या जमिनीतून ते गेले त्यांची माहिती ट्रिपला जाणाऱ्याला असलीच पाहिजे.

आधी गाडीचं सांगतो, ते थोडक्यात आहे. आरव्ही म्हणजे चाकावरचं घर, आत बेड, गॅस, फ्रिज, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, आणि घाण पाण्याच्या वेगळ्या टाक्या ज्या दोन-चार दिवसांनी ठरलेल्या जागी जाऊन रिकाम्या कराव्या लागतात. आपल्याकडं सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायाक्काला लोक बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन जातात, वर ताडपत्री, खाली भांडीकुंडी, पीठ, सरपण, तिथंच रांधायचं तिथंच झोपायचं, कल्पना तीच. अमेरिकेत १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीनं टूरिंग लँडॉ नावाची गाडी दाखवली, मागच्या सीटचा पलंग व्हायचा आणि हात धुवायला बेसिन होतं, पण ती श्रीमंतांची हौस. मध्यमवर्गाला परवडेल अशी मोटरहोम आली १९६६ नंतर, विनेबागो कंपनीनं आयोवातल्या फॉरेस्ट सिटी गावात कारखान्यात लाईननं गाड्या बनवायला सुरू केल्या तेव्हा. तोपर्यंत उत्तरेचा रस्ता तयार होऊन वीसेक वर्षं झाली होती.

आता रस्ता. कॅनडातून अलास्काला जाणारा रस्ता करावा असं १९२० च्या दशकापासून बोललं जात होतं, पण पैसा कोणी घालायचा यावर गाडी अडायची. कॅनडाला वाटायचं की आपल्या तिकडच्या चार माणसांसाठी एवढा खर्च कशाला, अमेरिकेच्या लष्करालाही त्यात फार काही दिसत नव्हतं. ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि सगळं एका दिवसात बदललं. अलास्काला माल पोचवायचा तर समुद्रानंच, आणि समुद्रात जपानी आरमार. मग जमिनीवरून रस्ता हवाच असं ठरलं. त्यासाठी तीन-चार मार्ग चर्चेत होते, त्यातला निवडला तो सगळ्यात सोपा म्हणून निवडला नाही, तर त्या मार्गावर फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाईटहॉर्स अशी विमानतळांची रांग आधीच उभी राहिली होती म्हणून निवडला. या विमानतळांवरून पुढं जवळजवळ ८,००० विमानं रशियाला लढाईसाठी गेली, त्यांना इंधन आणि सामान पोचवायला खाली रस्ता पाहिजे होता. म्हणून आज आरव्ही चालवताना रस्ता इकडून तिकडं असा का वळतो असा प्रश्न पडला तर उत्तर बहुतेक वेळा या विमानतळांमध्ये सापडतं.

८ मार्च १९४२ ला काम सुरू झालं. ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत, त्यावेळचं अंतर साधारण २,७०० किलोमीटर. अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंट आणल्या, १०,००० च्या वर जवान. बराचसा भाग असा की तिथला धड नकाशाही नव्हता, तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी वाटा दाखवल्या, कुठली नदी कुठं ओलांडता येते ते सांगितलं, तेव्हा सर्व्हेवाले पुढं सरकले. जूनमध्ये जपाननं अलास्कातल्या डच हार्बरवर बॉम्ब टाकले आणि अल्यूशियन बेटांतली अट्टू आणि किस्का ही दोन बेटं ताब्यातही घेतली, त्यामुळं वरून घाई आणखी वाढली. मे महिन्यात चार्ली लेक नावाच्या तळ्यात सामान नेणारा तराफा वादळात उलटून १२ जवान बुडाले.

सगळ्यात जास्त छळलं ते जमिनीनं. तिथं खालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली असतेय, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आणि वरचं शेवाळ आणि झाडोरा त्या थंडीला झाकून ठेवतो. जवानांनी नेहमीच्या पद्धतीनं बुलडोझर लावून वरचा थर खरवडून टाकला, ऊन थेट आत लागलं, आतलं बर्फ वितळलं आणि कालपर्यंत दगडासारखी असलेली जमीन चिखलाचं डबकं झाली, त्यात ट्रक आणि बुलडोझर पार रुतून बसले. मग कळलं की खरवडायचंच नाही, उलट झाकायचं. झाडं तोडून ओंडके आडवे एकाला एक लावून टाकायचे, त्यावर फांद्या, त्यावर माती-खडी, आणि मग गाडी न्यायची. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढं तिकडं झालेले सगळे रस्ते याच धड्यावर उभे आहेत.

या जवानांपैकी साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, ९३, ९५ आणि ९७ नंबरच्या इंजिनिअर रेजिमेंटचे. त्यावेळी अमेरिकन लष्करात गोरे वेगळे आणि काळे वेगळे, आणि अलास्काचे लष्करप्रमुख जनरल बकनर यांना काळे जवान आपल्या भागात नकोच होते. बरेचसे जवान दक्षिणेकडच्या गरम राज्यांतले, बर्फ कधी न बघितलेले, आणि त्यांना ठेवलं तंबूत, उणे ४० च्या थंडीत, गावात जायची परवानगीही नाही. ९५ नंबरच्या रेजिमेंटकडची मोठी यंत्रं काढून गोऱ्या रेजिमेंटला दिली आणि यांच्या हातात कुऱ्हाडी, करवती आणि फावडी. त्याच रेजिमेंटनं सिकानी चीफ नदीवर लाकडी पूल तीन-साडेतीन दिवसांत उभा केला, बर्फाच्या पाण्यात उतरून, रात्री ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात. मला या सगळ्या इतिहासात ही जागा सगळ्यात मोठी वाटते.

२५ ऑक्टोबर १९४२ ला बीव्हर क्रीकजवळ दोन टोकांकडून आलेले बुलडोझर समोरासमोर आले, एकावर कृष्णवर्णीय कॉर्पोरल रिफाईन्स सिम्स आणि दुसऱ्यावर गोरा जवान आल्फ्रेड जालुफ्का, दोघांनी हात मिळवले. २० नोव्हेंबरला क्लुआनी तळ्याच्या काठावर सोल्जर्स समिट नावाच्या ठिकाणी उद्घाटन झालं. आठ-नऊ महिन्यांत एवढा रस्ता, भले कच्चा का असेना, पुढच्या वर्षी कंत्राटदारांनी तो नीट केला. कॅनडातला भाग १ एप्रिल १९४६ ला कॅनडाच्या ताब्यात गेला आणि १९४८ साली साध्या लोकांना बिनपरवाना जायला तो खुला झाला. त्याच १९४८ च्या जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी लष्करातला काळा-गोरा भेद संपवायचा हुकूम काढला. पण या जवानांच्या कामाची जाहीर दखल घ्यायला फार उशीर झाला, अलास्कातल्या गर्स्टल नदीच्या पुलाला ब्लॅक व्हेटरन्स मेमोरियल ब्रिज हे नाव मिळालं ते १९९३ मध्ये. ताईला सांगून ठेवलंय, त्या पुलावर आलात की गाडी बाजूला घ्या आणि खाली उतरा.

आपण बेळगावकरांना हे समजायला जड जाऊ नये. आपलं गावच छावणीचं, कॅम्प भाग इंग्रजांच्या काळापासूनचा, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याकडं, घराघरांत कोणीतरी फौजेत. आणि आपण पावसाळ्यात भजी खायला आणि धबधबा बघायला ज्या आंबोली घाटानं जातो तो वेंगुर्ल्याचा रस्ता तरी काय, इंग्रजांनी वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला माल आणायला वापरलेला रस्ता, आंबोली हे त्यातलं मुक्कामाचं ठाणं. तो घाट फोडणाऱ्या मजुरांची नावं आज आपल्यापैकी कोणाला माहीत आहेत?

रस्त्यानं तिथल्या मूळ लोकांचं काय केलं हेही सांगायला पाहिजे. हजारो माणसं एकदम आली आणि त्यांच्याबरोबर गोवर, डांग्या खोकला असे आजार आले, ज्यांची त्या वस्त्यांना सवय नव्हती. १९४२-४३ मध्ये टेस्लिन गावात एकामागून एक साथी आल्या आणि माणसं गेली. क्लुआनी भागात बाहेरच्यांकडून फार शिकार व्हायला लागली म्हणून १९४३ मध्ये सरकारनं अभयारण्य केलं, तर त्यात पिढ्यान्‌पिढ्या तिथं शिकार करून जगणाऱ्या लोकांनाच शिकार बंद झाली. म्हणजे वाटा दाखवल्या त्यांनी, आणि घरातून बाहेर काढलं त्यांनाच. आज क्लुआनीला राष्ट्रीय उद्यान आहे, आरव्हीवाल्यांचा तो हमखास मुक्काम, म्हणून मुद्दाम लिहिलं.

वाटेत वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल लागतं. १९४२ मध्ये कार्ल लिंडली नावाचा जखमी जवान तिथं हलक्या कामावर होता, त्याला दिशादर्शक पाट्या दुरुस्त करायला सांगितल्या तर त्यानं आपल्या इलिनॉयमधल्या डॅनव्हिल गावाची पाटी आणि अंतरही लिहून टाकलं. तेव्हापासून येणारा जाणारा आपल्या गावाची पाटी ठोकतो, आता ८०,००० च्या वर झाल्यात. आमच्या सीमाभागात पाटी कुठल्या भाषेत हा किती जिव्हाळ्याचा विषय आहे ते वेगळं सांगायला नको, ताईनं शहापूरच्या पेंटरकडून ‘बेळगाव’ अशी ठळक मराठीत पाटी रंगवून घेतलीय, ती बॅगेत गेली पण.

आणखी एक, या रस्त्यावर ‘हिस्टॉरिक माईल’ असे खांब दिसतात आणि तो आकडा गाडीतल्या आकड्याशी जुळत नाही. त्याचं कारण वळणं काढत काढत रस्ता २,७०० वरून २,२०० किलोमीटरच्या आसपास आलाय, पण गावं आणि ढाबे जुन्या मैलाच्या आकड्यानंच ओळखले जातात.

दुसरा रस्ता डेम्पस्टर, आणि तो वेगळ्याच कारणानं झाला. युकॉनमधल्या डॉसन सिटीजवळून (वरचं डॉसन क्रीक वेगळं) उत्तरेतल्या इनुविक गावापर्यंत, साधारण ७४० किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. १९५० च्या दशकात तिकडं तेल आणि गॅस शोधायला सुरुवात झाली आणि पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या सरकारनं १९५९ मध्ये काम काढलं. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पैशावरून थांबलं ते थांबलंच. १९६८ ला अलास्कात प्रुडो बे इथं प्रचंड तेल सापडलं तेव्हा कॅनडा परत जागा झाला आणि शेवटी १८ ऑगस्ट १९७९ ला रस्ता खुला झाला. (त्याच तेलासाठी अलास्कात १९७४ मध्ये डाल्टन हायवे १५४ दिवसांत बांधला गेला, तो वेगळा विषय.) इथं १९४२ चा धडा पूर्ण वापरलाय, जमीन न खरवडता वर सव्वा ते अडीच मीटर जाडीचा खडीचा थर टाकलाय, म्हणजे खालचं गोठलेलं गोठलेलंच राहावं. रस्ता बांधासारखा उंच दिसतो तो त्यामुळं, आणि कडेला गाडी घसरली तर थेट खाली.

नाव आहे कॉर्पोरल विल्यम डेम्पस्टर या पोलिसाचं. १९१० च्या डिसेंबरात इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड आणि तिघे जण कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसन सिटीला निघाले. सामान कमी घेतलं, वेगानं जायचं म्हणून, आणि वाटेत भेटलेल्या, तिथल्या मूळ ग्विचिन जमातीच्या वाटाड्याला परत पाठवलं. पुढं वळायचा ओढाच सापडेना. खाणं संपलं, एक एक कुत्रा मारून खाल्ला, परत फिरले आणि फोर्ट मॅकफर्सन जवळ आलेलं असताना चौघेही गेले. १९११ च्या मार्चमध्ये डेम्पस्टरनं त्यांना शोधून काढलं. वाटाड्या बरोबर असता तर चौघे जगले असते असं मला ठामपणे वाटतं.

२०१७ च्या १५ नोव्हेंबरला इनुविकच्या पुढं टुकटोयाकटुकपर्यंत १३८ किलोमीटरचा रस्ता झाला, कॅनडातून गाडीनं थेट आर्क्टिक समुद्राला जाणारा पहिला बारमाही रस्ता. त्याआधी तिकडं हिवाळ्यात गोठलेल्या नदी-समुद्रावरून गाड्या जायच्या. या वेळी मात्र रस्ता हवा म्हणणाऱ्यांत तिथले इनुव्हियालुइट लोक स्वतः होते, कामही बरंचसं स्थानिकांनीच केलं, आणि काम हिवाळ्यातच करायचं, जमीन कडक असताना, असं ठरवून केलं.

आता मात्र तापमान वाढतंय आणि जिच्यावर सगळं उभं आहे ती गोठलेली जमीनच सुटायला लागलीय, रस्ता खचतो, दरडी येतात, टुकटोयाकटुकचा किनाराही समुद्र खातोय. म्हणून निघायच्या आधी रस्ता चालू आहे का ते रोज बघावं लागतं. पील आणि मॅकेन्झी नदीवर पूल नाहीत, उन्हाळ्यात फेरीबोट, थंडीत बर्फावरून, आणि मधले काही आठवडे काहीच नाही. डेम्पस्टरच्या सुरुवातीपासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर पेट्रोल पंप नाही, म्हणजे आपल्या बेळगाव-पुण्यापेक्षा जास्त. टोकदार खडीनं टायर फाटतात, दोन स्टेपन्या हव्यातच. आणि भाड्याची आरव्ही असेल तर कागद नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी खडीच्या रस्त्यावर न्यायला मनाई असते आणि इन्शुरन्सही मिळत नाही. भाच्यानं म्हणूनच आरव्ही व्हाईटहॉर्समध्ये ठेवायचं ठरवलंय, तिथून डेम्पस्टरला चालणारा जाड टायरचा पिकअप वेगळा बुक केलाय.