ब्रॉडवे ते ब्रॉंक्स: सालसातल्या रात्रीची पार्श्वभूमी

सालसासारख्या लॅटिन पार्टी संगीतात शहराची रात्र एवढ्या थाटात मिरवते, त्याची पाळंमुळं शोधत गेलं की आपण न्यूयॉर्कमधल्या एका दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबतो. ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचा पॅलेडियम बॉलरूम.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्वेर्तो रिकोतून हजारो कुटुंबं विमानाने न्यूयॉर्कला आली. १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व असल्याने कागदपत्रांची अडचण नव्हती, अडचण होती ती कामाची आणि घराची. दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात नाहीतर हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबायचं, ईस्ट हार्लेमच्या ‘एल बार्रियो’त दाटीवाटीने राहायचं. दिवसा या माणसांना शहरात कुणी विचारत नव्हतं. रात्र मात्र त्यांनी आपली करून घेतली.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस पॅलेडियममध्ये माम्बो, म्हणजे क्युबातून आलेलं नाचाचं संगीत, घुमू लागला. माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रोद्रिगेस यांचे वाद्यवृंद तिथे एकमेकांशी चुरशीने वाजवत. बुधवारी आधी नाचाची शिकवणी, मग स्पर्धा. कृष्णवर्णीय, प्वेर्तो रिकन, ज्यू, इटालियन असे सगळे एकाच फरशीवर नाचत होते, आणि तेही अमेरिकेत वर्णभेद उघड चालू असताना. या सगळ्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

या संगीताचा कणा म्हणजे क्लाव्हे. टिपऱ्यांसारख्या दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके, एका मात्रागटात तीन आणि दुसऱ्यात दोन. काँगा हे उभे ढोल, पियानो, तुताऱ्या सगळं त्याच्या धाकात चालतं. गाणं रंगात आलं की कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि गायक मधल्या जागेत ऐनवेळी सुचेल ते भरतो: वादकांची नावं, आपला गाव, आपली वस्ती. शहर गाण्यात शिरतं ते इथून.

१९५९च्या क्रांतीनंतर क्युबाशी संबंध तुटले आणि तिथून येणारा सुरांचा ओघ आटला. १९६६ मध्ये पॅलेडियमही बंद पडला. तोवर न्यूयॉर्कमध्येच वाढलेल्या पोरांनी बूगालू काढला होता. इंग्रजी-स्पॅनिश शब्दांची सरमिसळ, टाळ्या आणि मागे पार्टीचा खराखुरा गलका. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली, आणि ‘सालसा’, म्हणजे चक्क सॉस, हे नाव पुढे तिच्यामुळेच जगभर गेलं. २६ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या चीता क्लबमध्ये फानियाच्या कलावंतांची मैफल झाली, तिचं चित्रीकरणही झालं. दोनच वर्षांनी त्यांनी न्यूयॉर्कच्याच ब्रॉंक्स भागातलं यांकी स्टेडियम गाठलं.

त्याच ब्रॉंक्समध्ये वाढलेल्या रॅपर कार्डी बीने २०१८ मध्ये पीट रोद्रिगेसचं १९६७चं बूगालू गाणं नव्या गाण्यात गुंफलं. सोबतीला गायक होते प्वेर्तो रिकोचा बॅड बनी आणि कोलंबियाचा जे बाल्विन. बार्रियोतला तो जुना गलका त्या वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर वाजत होता.