गोडंबी आणि चारोळी: एक बिब्ब्याच्या पोटातली, दुसरी चाराच्या

"गोडंबी संपली ताई, चारोळी नेता का? एकच असतंय ते."

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात हे ऐकलं आणि हातातली यादी तशीच राहिली. एकच नसतंय ते. गोडंबी बिब्ब्याच्या झाडाची, चारोळी चार नावाच्या झाडाची. दोन्ही रानातल्या झाडांच्या बिया, दोन्ही लाडवात पडतात, दोन्ही महाग. म्हणून गोंधळ होतो. एक मात्र खरं, की दोघी एकाच कुळातल्या आहेत. आंबा, काजू आणि पिस्ताही त्याच कुळातले. भावकी आहे, पण स्वभावात जमीनअस्मानाचा फरक.

आधी तळहातावर घेऊन बघा. चारोळी मसुरापेक्षा थोडी मोठी, फुगीर, तपकिरी, अंगावर बारीक गडद ठिपके. गोडंबी पांढरट-पिवळसर, चपटी, लांबोळी, एका टोकाला निमुळती. शहरातली माणसं तिला भोपळ्याच्या बिया समजतात. चावल्यावर चारोळी बदाम-पिस्त्याच्या मधली कुठलीतरी चव देते. गोडंबी मऊ असते, दाताखाली काजूसारखी विरघळते.

झाडं तर वर्षाच्या दोन टोकांना फळतात. चाराची फळं उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये पिकतात. जांभळट काळी, बोरापेक्षा लहान, आंबटगोड. किनवट-माहूरकडच्या रानाजवळच्या बाजारात ती खायला मिळतात; लेकरं गर चोखून बी थुंकतात आणि घरातलं मोठं माणूस ती बी गोळा करून ठेवतं. तीच पुढे चारोळी. बिब्बा पिकतो थंडीत. काळंभोर, गुळगुळीत, बदामाच्या आकाराचं फळ आणि त्याच्या डोक्यावर नारिंगी बोंड. काजूची बी आणि बोंड डोळ्यासमोर आणा, तसंच, फक्त लहान. हे बोंड पिकल्यावर खातात, वाळवूनही ठेवतात. काळ्या भागाला मात्र हात लावायचा नाही. त्याच्या पोटात गोडंबी असते.

त्या काळ्या सालीत डांबरासारखं तेल असतं. कातडीला लागलं की उततं: लाल होतं, सुजतं, पाणी भरून फोड येतात. परीट कपड्यांवर याच तेलाने खूण करायचे, ती कितीही धुतली तरी जायची नाही. इंग्रजांनी या फळाचं नावच खुणेचं फळ असं ठेवलं. चालत्या कामात बिब्बा घालणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ज्याने खरा बिब्बा अंगावर घेतलाय त्याला तो वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही.

मी घेतलाय. दहाएक वर्षांची असेन, आजोळी बांधावरच्या झाडाखाली बोंडं वेचत होतो. मामेभाऊ म्हणाला आत काजू असतो. मी दाताने फोडायला गेले. त्या दिवशी काहीच झालं नाही, म्हणून कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुजून नाकाला लागले होते. आजीने बघितलं आणि एवढंच विचारलं, "बिबा चावलीस का गं?" मग खोबरेल तेल आणि चार दिवस पातळ पेज. हा उशीर फसवा असतो: ही तेलाची अॅलर्जी कित्येकदा एकदोन दिवसांनी उठते, त्यामुळे आज काही झालं नाही म्हणजे सुटलो, असं समजू नये. शिवाय हात न धुता डोळ्याला लावला की तिथेही तेच.

म्हणून फोडण्याच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. चारोळी घरी फोडा, हौस म्हणून फोडा. गोडंबी फोडलेली विकत आणा.

चाराचं बी फोडायची रीत सोपी आहे, वेळ खाते एवढंच. फळं रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी हाताने चोळून गर काढायचा, धुऊन कडक उन्हात वाळवायची. बी चांगली वाळली की हलवल्यावर आत खुळखुळ होते. तिचं कवच टणक असतं, पण कडेला शिवण असते आणि फुटलं की दोन वाट्या होतात. बी पाट्यावर उभी धरायची, शिवणीवर वरवंट्याने टिचकी. जोर लावला की आतला दाणा चुरडतो, कमी लावला की बी सुळकन उडून फ्रीजखाली जाते. पहिल्या पन्नास बिया अशाच जातात. जास्त असतील तर जातं. पण जात्याच्या मधल्या खुंट्यावर चिंधीचं वेटोळं घालून वरची तळी किंचित उचलायची, डाळ भरडताना करतात तसं; म्हणजे कवच फुटतं आणि दाणा वाचतो. मग सुपात पाखडायचं. अर्धा किलो बियांतून मूठ-दोन मूठ चारोळी निघाली की भाव का चढा असतो ते कुणी सांगावं लागत नाही.

गोडंबी काढणाऱ्या बाया हाताला तेल किंवा राख चोळून बसतात, दगडावर बिब्बा फोडतात आणि तरी त्यांची बोटं काळी पडतात, सोलवटतात. आपण किलोचा भाव ऐकून नाक मुरडतो, त्यात त्या बोटांचाही हिशेब असतो. घरी बिब्बा भाजून फोडू, ओव्हनमध्ये तापवला की सोपा पडेल, असा विचार कुणाच्या मनात आला तर तो तिथेच सोडा. धुरानेही तोंड सुजतं, आणि भट्टीत लागलेलं तेल पुढच्या बिस्किटांना लागेल ते वेगळंच. आयुर्वेदात बिब्बा, म्हणजे भल्लातक, विटेच्या भुकटीत शुद्ध करून वापरतात, आणि कायद्याच्या विषारी औषधींच्या यादीतही त्याचं नाव आहे. यूट्यूब बघून करायची ही गोष्ट नाही. काजू-पिस्त्याची अॅलर्जी असलेल्याने गोडंबीही टाळावी, कुळ एकच आहे.

रानात जाऊन पोती भरून आणायचंही मनावर घेऊ नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर आदिवासींचा आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचा हक्क मानलाय. आठवडी बाजारात त्यांच्याकडूनच घ्या. घेताना गोडंबीचा एक दाणा बोटांनी दाबून बघा, वास घ्या. खवट वास आला, दाण्यावर काळा डाग किंवा सालीचा तुकडा दिसला, तर नको. चारोळी दोन दाणे चावून बघितलेली दुकानदार चालवून घेतो. दोघींमध्ये तेल भरपूर असतं, म्हणून उन्हाळ्यात बाहेर ठेवल्या की खवट होतात. फ्रीजमध्ये, बंद डब्यात.

आता भाजणं. दोन वाट्या पिठाला, म्हणजे दीड वाटी मैदा आणि अर्धी वाटी बेसन, एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर घेतली की नानकटाई जमते. चारोळी वर लावायची, अंगठ्याने दाबून. मोठ्या नानकटाईवर पाच-सहा दाणे पुरे. तिला भट्टीचा झणका सोसतो, फक्त तिचा रंग पाहूनच ट्रे काढायचा. करपलेली चारोळी कडू लागते. गोडंबी वर लावली तर ती आधी लाल होते आणि नानकटाई कच्ची राहते. तिला आत घालावं: कोरडी, मंद आचेवर जरा परतून, गार झाल्यावर जाडसर कुटून पिठात. मिक्सर सलग फिरवलात तर पिठी व्हायची सोडून लगदा होतो, तेल सुटतं. पाव वाटी गोडंबी घातली की तूप दोन चमचे कमी करा, नाहीतर नानकटाई पसरते. भाजायला १७० अंश, पंधरा ते अठरा मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये खाली मीठ, शिट्टी आणि रिंग काढून. बाळंतिणीच्या लाडवातली आणि आमटीतली गोडंबी हा वेगळा विषय, तिथे चारोळी चालतच नाही. आणि ईदच्या शीरखुर्म्यात चारोळीच्या जागी गोडंबी टाकलेली मी तरी कुठे पाहिली नाही.

लहानपणी आम्ही दिवाळीत पीठ-तूप-साखर घेऊन बेकरीत जायचो, नानकटाया भाजून आणायला. चार घरांचे पत्रे एकाच भट्टीत, सगळ्या नानकटाया दिसायला सारख्या. काकू आमच्या प्रत्येकीवर तीन चारोळ्या त्रिकोणात लावायची. भट्टीवरचा पोरगा पत्रा ओढून बाहेर काढायचा आणि न विचारता आमच्या डब्याकडे सरकवायचा.