आईचा अर्धा वाटा: गोव्यातील घराच्या वारशाची पार्श्वभूमी

वडील गेल्यावर मूळ घराचा विषय निघाला की गोव्यात हमखास ऐकू येते, 'अर्धे घर आईला वारसाने मिळते.' अर्धे हे खरे, पण वारसाने नव्हे. निम्मी भांडणे या एका शब्दातून सुरू होतात.

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर १९६२च्या कायद्याने ती तशीच राहू दिली. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर तिच्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे आईचा अर्धा वाटा वडील हयात असतानाही तिचाच होता. मृत्यूनंतर तो फक्त बाजूला काढला जातो. वारसा उघडतो तो उरलेल्या अर्ध्याचा, आणि मुले असतील तर तो मुलांनाच जातो. तीन भावंडे असतील तर आईचा १/२, प्रत्येकाचा १/६. मुलगा-मुलगी भेद नाही. घर हीच सगळी मालमत्ता धरली तर मृत्युपत्राने वडिलांना त्यातला चौथा भागच मनासारखा देता येतो.

हाच हिशेब पुढच्या पिढीलाही लागतो. विवाहित मुलीच्या १/६ मध्ये जावयाचा निम्मा वाटा असतो. त्यामुळे सगळ्या भावंडांच्या सह्या झाल्या, तरी लंडनच्या जावयाचे मुखत्यारपत्र येईपर्यंत विक्रीखत अडून राहते.

डिसेंबर २०१६ पासून राज्याचा स्वतंत्र वारसा कायदा आहे, कणा जुनाच. नोटरीकडचा वारसा दस्त वारस कोण एवढेच सांगतो, वाटणी करत नाही. एकमत असेल तर वाटणीखत, नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचे प्रकरण. तिथे घरासाठी वारसच आपसात बोली लावतात. ज्याची बोली मोठी त्याला घर, बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे. कागदावर हे समन्यायी. प्रत्यक्षात गावात राहून कौले शाकारणारा भाऊ रोकड नसल्याने मागे पडतो.

गोंयकाराचा मुंबईतला फ्लॅटही याच कायद्याने वाटला जाईल, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर बहुधा थोरल्याचेच नाव असते. तेवढ्याने तो एकटा मालक होत नाही, घरपट्टीच्या पावतीने तर नाहीच. म्युटेशनचा, म्हणजे त्या नोंदीतले नाव बदलण्याचा अर्ज वारसा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा निकाल हाती आल्यावरच करावा. पंचायतीतले घरपट्टीचे नाव त्याने आपोआप बदलत नाही. तो अर्ज वेगळा.