थॅलबर्ग, अर्व्हिंग
(३० मे १८९९ – १४ सप्टेंबर १९३६). अमेरिकन चित्रपटनिर्माता. जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे. हृदय जन्मापासूनच अधू. पोरगा तिशी गाठणार नाही, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवले होते. त्याचे शाळकरी वय बरेचसे अंथरुणावर पुस्तके वाचण्यात गेले. पुढे टायपिंग आणि लघुलेखन शिकून तो युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीचा मालक कार्ल लेमली याच्या कचेरीत लागला आणि विशीच्या उंबरठ्यावरच कॅलिफोर्नियातील स्टुडिओचा कारभार पाहू लागला.

खर्चाला धरबंध नसलेला दिग्दर्शक एरिक फॉन श्ट्रोहाइम याला १९२२ साली त्याने चालू चित्रपटावरून काढून टाकले. दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा मानण्याच्या त्या काळात हे धाडसच होते. १९२३ मध्ये तो चित्रपटनिर्माता लुई बी. मेयरकडे गेला आणि १९२४ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) ही चित्रपट कंपनी स्थापन झाल्यावर तेथील निर्मितीप्रमुख झाला. योगायोगाने श्ट्रोहाइमचा ‘ग्रीड’ही तेथेच आला. कित्येक तासांचा हा चित्रपट कापून सुमारे सव्वादोन तासांवर आणला गेला. कापलेला भाग कायमचा गेला. थॅलबर्गच्या चाहत्यांनाही हे प्रकरण अडचणीचे वाटते.

त्याची खरी करामत मात्र चित्रीकरण संपल्यावर दिसे. तयार चित्रपट लॉस एंजेलिसच्या आसपासच्या थिएटरांत सामान्य प्रेक्षकांना दाखवायचा, ते कुठे हसतात आणि कुठे चुळबुळतात ते टिपायचे आणि मग खुशाल नव्याने दृश्ये चित्रित करायची, ही त्याची रीत. ‘द बिग परेड’मधील (१९२५) युद्धदृश्ये अशीच मागाहून वाढवली गेली. विनोदी नट मार्क्स बंधूंच्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’मधील (१९३५) विनोद तर चित्रीकरणाआधीच रंगमंचावर प्रयोग लावून पारखले होते. लेखकांना तो भरपूर पैसा देई, पण एकाच पटकथेवर अनेकांना जुंपी. त्यांच्या संघटनेला त्याचा कडवा विरोध होता.

अभिनेत्री नॉर्मा शिअररशी १९२७ मध्ये त्याचा विवाह झाला. १९३२ च्या अखेरीस हृदयविकाराचा झटका आला आणि तो युरोपात विश्रांती घेत असताना मेयरने त्याचे प्रमुखपद काढून घेतले. परतल्यावर साधा निर्माता म्हणून त्याने ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ (१९३५) केला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. न्यूमोनियाने वयाच्या ३७ व्या वर्षी तो वारला.

हयातीत त्याने पडद्यावर स्वतःचे नाव येऊ दिले नाही. मृत्यूनंतर प्रदर्शित झालेल्या ‘द गुड अर्थ’च्या (१९३७) अर्पणपत्रिकेत ते झळकले.